कपड्यांना गुण नसतात



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारी विहारातली वंदना आटोपून आम्ही चपला घालत होतो, तेवढ्यात एक भगिनी हातात घडी केलेला कागद घेऊन आल्या. त्यांचे यजमान एका घोडेस्वारी क्लबात मोतद्दार आहेत. वीस-बावीस वर्षे घोड्यांचा दाणापाणी, खरारा, तबेल्याची साफसफाई हेच त्यांचे काम. थोरली मुलगी शाळा सुटल्यावर बापाबरोबर तबेल्यात जाई आणि बघता बघता बसायला शिकली. तिथल्या शिक्षकांनी तिचा हात पाहिला आणि एका शांत, वयस्कर घोडीवर तिला नवशिक्यांच्या 'ड्रेसाज' स्पर्धेत उतरवायचे ठरवले. घरात आनंद झाला, पण तो एकच दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी हातात कपड्यांची यादी दिली. शेपटाचा काळा कोट, गुडघ्यापर्यंतचे चामडी बूट, पांढरे हातमोजे, पांढरी विजार, उंच टोपी, टाचेला लावायच्या आऱ्या! बेरीज केली तर घरच्या दोन महिन्यांच्या पगारालाही भारी.

बाई म्हणाल्या, "दादा, पोरीला नाही म्हणून सांगू का? तिथं सगळ्यांची पोरं कडक कपड्यांत येणार. आमची एकटीच वेगळी दिसली तर तिचा नंबर जाईल, आणि वर हसतील ते वेगळंच."

मी त्यांना म्हटले, "ताई, आधी नियमपत्रिका आणा. यादी कुणीही लिहून देतो. नियम कागदावर असतो." कागद वाचायची आम्हा कारकुनांना खोडच असते. नियमपत्रिका आली, शिक्षकांना भेटून शंका विचारल्या आणि निम्मी यादी तिथेच गळून पडली. त्या वेळी जे कळले, ते आजच्या सदरात सांगतो. आपल्या घरातली मुले आता एनसीसीच्या घोडदळ पथकातून, पशुवैद्यक महाविद्यालयातून, पोलीस भरतीनंतर किंवा अशी तबेल्याच्या दारातून घोड्यापर्यंत पोचू लागली आहेत. आज नाही तर उद्या हा कागद कुणाच्यातरी हाती पडेलच.

ड्रेसाज म्हणजे काय?

नावात 'ड्रेस' ऐकू येतो म्हणून पुष्कळांना वाटते की ही पोशाखाची स्पर्धा आहे. तसे मुळीच नाही. हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ जनावराला शिकवणे, तयार करणे असा आहे. यात शर्यत नाही, अडथळ्यांवरून उड्या नाहीत. २० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब आखलेल्या मैदानात स्वाराने ठरवून दिलेल्या क्रमाने घोडा चालवून दाखवायचा असतो. मोठ्या स्पर्धांचे मैदान ६० मीटर लांबीचे असते. मैदानाच्या कडेला इंग्रजी अक्षरांच्या पाट्या असतात. 'ए' या अक्षरापाशी आत शिरायचे, मधोमध 'एक्स' या न दिसणाऱ्या बिंदूवर थांबायचे, समोर 'सी'पाशी बसलेल्या परीक्षकाला मानवंदना द्यायची आणि मग कागदावर लिहिलेल्या क्रमाने साधी चाल, दुडकी, गोल फेरा, वळण, थांबणे असे करत जायचे. नवशिक्यांची टेस्ट पाचेक मिनिटांत संपते.

प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण असतात. हालचाल झालीच नाही तर शून्य, ६ म्हणजे समाधानकारक, ८ म्हणजे चांगली, १० म्हणजे उत्कृष्ट. सगळ्यांची बेरीज करून टक्केवारी काढतात. नवशिक्याला साठ टक्के पडले तर पाया ठीक आहे असे जाणकार समजतात.

आता त्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर. परीक्षकापुढच्या गुणपत्रिकेत चालीला रकाना आहे, घोड्याच्या आज्ञाधारकपणाला आहे, स्वाराच्या बैठकीला आहे. कोटाच्या किमतीला रकाना नाही. कपड्यांना गुण नसतात. मात्र काही वस्तू चुकीच्या असल्या किंवा नसल्या तर स्पर्धक बाद होऊ शकतो. म्हणून पालकांनी तीनच प्रश्न विचारावेत. काय नसले तर बाद करतात? काय असले तर बाद करतात? आणि काय केवळ शोभेचे आहे? या तिसऱ्या खात्यावर एक पैसाही खर्चू नये.

डोक्यापासून पायापर्यंत

हेल्मेट. खर्च करायचाच तर इथे करावा. वरच्या दर्जाच्या स्पर्धांत पूर्वी उंच काळी टोपी घालण्याची रीत होती. ती दिसायला रुबाबदार असे, पण डोके वाचवत नसे. २०१० च्या मार्च महिन्यात अमेरिकेची ऑलिंपिक स्वार कोर्टनी किंग-डाय सरावात घोडा अडखळून पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हते. कवटीला मार बसला आणि ती सुमारे महिनाभर बेशुद्ध होती. एवढी कसलेली बाई, तिची ही गत! त्या अपघातानंतर हेल्मेटचा आग्रह वाढत गेला आणि १ जानेवारी २०२१ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने ड्रेसाजमध्येही सर्वांना हेल्मेट सक्तीचे केले. तेव्हा ती उंच टोपी यादीतून आधी खोडा.

हेल्मेट घोडेस्वारीचेच हवे. स्कूटरचे किंवा सायकलचे चालत नाही, कारण पडण्याची तऱ्हा वेगळी आणि बनावटही वेगळी. ते भुवयांच्या वर दोन बोटे बसावे, पट्टा बांधून मान हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबर हलावे, डोक्यावर घसरू नये. सेकंडहँड हेल्मेट स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. एकदा जोराने आदळलेले हेल्मेट बाहेरून साबूत दिसले तरी आतून निकामी झालेले असते. क्लबाकडे चांगल्या स्थितीतली हेल्मेट असतील तर त्यातले नेमके बसणारे मागून घ्यावे आणि पडझड झालेली नाही ना, हे विचारायला लाजू नये.

केस आणि दागिने. मुलींनी वेणीचा घट्ट, खाली मानेलगत अंबाडा घालून वर काळी जाळी लावावी. वर अंबाडा घातला तर हेल्मेट नीट बसत नाही. बांगड्या, लोंबते डूल, गळ्यातली साखळी घरीच ठेवावी. लगामात अडकले तर इजा होते.

सदरा आणि जाकीट. आत पांढरा, कॉलरचा, स्वच्छ सदरा. वर गडद रंगाचे, काळे किंवा निळे, कमरेखाली थोडे येणारे साधे जाकीट. शेपटाचा कोट वरच्या पातळीच्या स्वारांचा असतो. नवशिक्याने तो घालायचा नसतोच. आमच्या मुलीसाठी शाळेचा जुना निळा ब्लेझर काढला, खिशावरचा बिल्ला उसवला, बाह्या शिंप्याकडून लांब करून घेतल्या. आयोजकांना आधी दाखवला, ते चालेल म्हणाले. जाकीट उभ्याने घालून पाहू नये. खुर्चीवर उलटे बसून, हात लगाम धरल्यासारखे पुढे करून पाहावे. पाठीत ताणले गेले किंवा बाह्या कोपराकडे सरकल्या तर शिवण सोडवून घ्यावी. उकाडा फार असेल तर पुष्कळ ठिकाणी जाकिटाची माफी मिळते. ती जाहीर झाल्याशिवाय मात्र काढू नये.

विजार. हिला ब्रीचेस म्हणतात. पांढरी, मोतिया किंवा फिकट पिवळसर चालते. घोट्यापर्यंतच्या विजारीला जगभर 'जोधपूर' म्हणतात, कारण ती आपल्याच देशातल्या जोधपूरची. तिथले सर प्रताप सिंग १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाला इंग्लंडला गेले आणि ही विजार तिकडे गाजली. ज्या गोष्टीला आपण साहेबी थाट समजून बिचकतो, तिचे मूळ कधीकधी असे घरचेच निघते! विजार घट्ट असावी, पण बसता-उठता यावे. गुडघ्याच्या आतल्या बाजूला जाड शिवण नको, सोलपटते. थंड पाण्यात धुऊन, किंचित नीळ घालून सावलीत वाळवावी. आणि स्पर्धेच्या दिवशी तिच्यावरून जुनी सैल पँट चढवावी, ती घोड्यावर बसण्याच्या क्षणी काढावी. तबेल्यात पांढरे कपडे पाच मिनिटेही पांढरे राहत नाहीत, हे मोतद्दाराच्या घरी सांगायला नको.

बूट. गुडघ्यापर्यंतचे चामडी बूट नवशिक्याला लागतातच असे नाही. घोट्यापर्यंतचे बूट आणि त्यावर त्याच रंगाच्या, पोटरीला बांधायच्या साध्या चामडी पट्ट्या नवशिक्यांच्या बहुतेक स्पर्धांत चालतात. या पट्ट्यांना हाफ चॅप म्हणतात. बुटाला लहान टाच आणि तळ गुळगुळीत हवा. ही शोभा नव्हे. टाच नसेल तर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडल्यावर स्वार फरफटत जातो. म्हणून कॅनव्हासचे किंवा खेळाचे बूट घालून बसू देऊ नये. बूट उसने आणले तरी हरकत नाही, पण आठ दिवस आधी आणून त्यात चालून-बसून पाहावे.

हातमोजे, चाबूक, आऱ्या. काही स्पर्धांत हातमोजे सक्तीचे असतात, काहींत नाहीत. विचारावे. पांढरे हातमोजे दिसतात छान, पण हाताची प्रत्येक थरथर परीक्षकाला दाखवतात. नवशिक्याने गडद रंगाचे घ्यावेत. बँडपथकातले सुती मोजे घामाने लगामावर घसरतात, ते नकोत. चाबूक चालत असेल तर तो १२० सेंटिमीटरपेक्षा लांब नसावा, असे पुष्कळ ठिकाणचे नियम सांगतात. आऱ्या तर नवशिक्याने लावूच नयेत. ज्याचा पाय अजून स्थिर नाही, त्याच्या टाचेतली आरी विनाकारण जनावराला टोचते.

एका टोपीची गोष्ट

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग पोशाखाचे एवढे स्तोम कशाला? त्याचे उत्तर या खेळाच्या इतिहासात आहे. आधुनिक ड्रेसाज वाढला तो लष्करी छावण्यांत. पोशाख म्हणजे तिथे हुद्दा. कित्येक वर्षे ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये लष्करातले अधिकारी आणि 'सभ्य गृहस्थ' यांनाच प्रवेश असे. साध्या शिपायाला किंवा सार्जंटला नाही, आणि स्त्रियांनाही नाही.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या तिघांच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. त्यातला गेनॅल पेरसन हा मुळात सार्जंट. स्पर्धेसाठी त्याला तेवढ्यापुरते लेफ्टनंट केले होते आणि नंतर पुन्हा खाली आणले. त्याच्या डोक्यावरच्या टोपीवरून संशय आला, असे सांगतात. चौकशी झाली आणि १९४९ मध्ये संघाला बाद ठरवून पदक काढून घेतले. ते फ्रान्सला गेले. घोडा चुकला नव्हता, स्वार चुकला नव्हता. हुद्दा तेवढा कमी पडला!

पण बंधू-भगिनींनो, गोष्ट इथे संपली नाही. त्या अन्यायाची चर्चा झाली, नियम बदलले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये साध्या सैनिकांना आणि स्त्रियांनाही ड्रेसाजचे दार उघडले. स्वीडनचे तेच तिघे पुन्हा उतरले, पेरसनसकट, आणि त्यांनी पुन्हा सुवर्ण जिंकले. १९५६ मध्ये आणखी एकदा. त्याच हेलसिंकीत डेन्मार्कची लिस हार्टेल ही स्त्री रौप्यपदक घेऊन गेली. तिला १९४४ मध्ये पोलिओ झाला होता, गुडघ्याखाली पायात बळ नव्हते, घोड्यावर चढा-उतरायला मदत लागे. पुरुषांच्या बरोबरीने उतरून तिने १९५६ मध्येही रौप्य राखले.

आपल्याकडे घोडा आणि हुद्दा यांचे नाते कुणाला सांगायला नको. नवरदेव वरातीत घोड्यावर बसला म्हणून त्याला खाली ओढल्याच्या बातम्या राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून आजही येतात. म्हणून आपली मुलगी नियमाने, नाव नोंदवून, क्रमांकाची पट्टी लावून घोड्यावरून मैदानात शिरते, ही लहान गोष्ट नव्हे. ती गोष्ट उसन्या बुटांपायी अडू देऊ नये, एवढेच माझे सांगणे.

घोड्याची तयारी

ज्याच्यामुळे गुण मिळायचे, त्याला विसरून कसे चालेल? आदल्या दिवशी शेपूट धुवावे, सकाळी नीट खरारा करावा, खूर उकरून साफ करावेत, नाल ढिली नाही ना ते पाहावे. आयाळाच्या बारीक वेण्या घालण्याची रीत आहे, पण नवशिक्यांच्या स्पर्धेत ती ऐच्छिक असते. आयाळ विंचरून एका बाजूला बसवली तरी पुरे. खोगीर आणि लगाम जुने असले तरी चालतील, मळके नकोत. चामडे साबणाने पुसावे, शिवण उसवलेली असेल तर तंग आणि रिकिबीचे पट्टे आधी बदलून घ्यावेत. इथे चालढकल केली तर जिवावर बेतते. खोगिराखाली धुतलेले पांढरे कापड घालावे.

तोंडात साधा, सांध्याचा लगाम असावा. त्याला स्नॅफल म्हणतात. दोन लगामांचा जोड वरच्या पातळीवर येतो. आता नवशिक्यांची नेहमीची चूक सांगतो. सरावात घोड्याच्या पायांना पट्ट्या किंवा संरक्षक पायमोजे बांधतात. ते टेस्टच्या मैदानात चालत नाहीत, विसरून तसेच आत गेल्यास बाद करतात. घोड्याने डोके वर करू नये म्हणून लावतात तो मार्टिंगेलचा पट्टाही टेस्टमध्ये चालत नाही. म्हणून आत जाण्यापूर्वी खाली उभ्या माणसाने एकदा डोक्यापासून खुरापर्यंत नजर फिरवावी. आमच्या मुलीचे वडील ते काम करायला उभे राहिले. वीस वर्षांत त्यांनी किती जणांच्या मुलांचे घोडे असे तयार करून दिले असतील!

टेस्ट पाठ कशी करावी?

याला पैसा लागत नाही, म्हणून यात कमी पडायचे कारण नाही. टेस्टचा कागद आधी मिळतो. लहान मैदानाच्या कडेने अक्षरे अशी येतात : ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. मधल्या रेषेवर डी, एक्स, जी. आम्ही चाळीच्या गॅलरीपुढच्या अंगणात खडूने दोन मीटर बाय चार मीटरची चौकट आखली, म्हणजे प्रत्येक बाजू खऱ्या मैदानाच्या दहाव्या हिश्श्याची. अक्षरे लिहिली आणि मुलगी रोज संध्याकाळी त्यातून पायी टेस्ट 'चालू' लागली. धाकटा भाऊ परीक्षक होऊन पाटावर बसे आणि चुकली की ताटली वाजवी. आठ दिवसांत शेजारच्या पोरांनाही टेस्ट पाठ! मोठमोठे स्वारसुद्धा पायी चालून असाच सराव करतात, यात हसण्यासारखे काही नाही.

घोड्यावर मात्र पूर्ण टेस्ट रोज करू नये. घोडा क्रम पाठ करतो आणि सांगण्याआधीच वळू लागतो. तुकड्यातुकड्याने करावी. विशेष तयारी दोन गोष्टींची : मधल्या रेषेवर सरळ येणे आणि थांबून स्थिर उभे राहणे. टेस्ट त्यानेच सुरू होते आणि त्यानेच संपते, तेव्हा ते गुण हक्काचे समजावेत. २० मीटरचा फेरा अंड्यासारखा न होता गोल व्हावा, तेही पाहावे.

पुष्कळ ठिकाणी नवशिक्यांना बाहेरून टेस्ट वाचून दाखवायची परवानगी असते. ती असली तरी पाठ करावीच, आधार म्हणून वाचणारा ठेवावा. स्वाराने स्वतः मात्र तोंडाने टकटक, चुचकारणे करू नये. त्याने गुण कापले जातात.

स्पर्धेचा दिवस

आदल्या रात्री पिशवी भरावी आणि यादी पिशवीलाच टाचून ठेवावी : हेल्मेट, जाळी, जादा आकडे, सदरा, जाकीट, विजार, लांब पायमोजे, बूट, पुसायला फडके, सुई-दोरा, सेफ्टी पिना, पाण्याची बाटली, पोळी-भाजीचा डबा, टेस्टचा कागद आणि नोंदणीची पावती. उपाशीपोटी मुलांना घोड्यावर बसवू नये. भीतीने जेवण जात नाही, तरी केळे किंवा दोन घास खायला लावावेत.

आपल्या वेळेआधी दीड-दोन तास तिथे पोचावे. क्रमांक घ्यावा, मैदान पायी फिरून पाहावे, परीक्षक कुठे बसतात ते पाहावे. घोड्याला अंग मोकळे करायला वीस-तीस मिनिटे पुरतात. फार दमवला तर टेस्टपर्यंत त्याच्यात त्राण उरत नाही. सरावाच्या मैदानाचा एक नियम आपल्या रस्त्याच्या उलट आहे. समोरून येणाऱ्याचा डावा खांदा आपल्या डाव्या खांद्याकडे ठेवून जायचे. मुलांना हे आधी सांगावे, नाहीतर गोंधळ उडतो.

घंटा वाजली की आत शिरायला बहुतेक ठिकाणी ४५ सेकंद असतात. तेवढा वेळ पुष्कळ आहे, धावत सुटू नये. मानवंदनेच्या वेळी लगाम एका हातात घ्यावा, दुसरा हात सरळ खाली सोडावा आणि मान लववावी. हेल्मेट काढायचे नाही. क्रम चुकला तर परीक्षक घंटा वाजवतात. तेव्हा घाबरू नये. थांबावे, ते सांगतील तिथून पुन्हा सुरू करावे. एका चुकीचे थोडे गुण जातात, टेस्ट जात नाही. वारंवार चुकले तरच बाद होण्याची पाळी येते. शेवटची मानवंदना झाल्यावर घोड्याची मान थोपटावी.

पालकांसाठी दोन शब्द. कुंपणाबाहेरून "टाच मार, लगाम ओढ" असे ओरडू नये. बाहेरून मदत केली असे ठरले तर मुलाचेच नुकसान. घोडा बिथरला तर धावत पुढे जाऊ नये. आणि दुसऱ्यांचे कपडे-बूट बघून स्वतःच्या मुलाकडे ओशाळवाणे पाहू नये. मुले घोड्याचे कान वाचायला शिकतात, त्यांना आईबापांचा चेहरा वाचता येत नाही काय?

महागडा खेळ, हे खरे

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे खूळ आहे. वरच्या पातळीवर ते खरेच महाग आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांचा तो संघ. घोडेस्वारीतले आपले आधीचे सुवर्ण १९८२ च्या दिल्लीचे, म्हणजे ४१ वर्षांनी हे यश आले. अनुषने वैयक्तिक कांस्यही घेतले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजमध्ये उतरणारा तो पहिला भारतीय ठरला. त्यामागे युरोपातला दीर्घ सराव आणि मोठा खर्च आहे.

पण पहिली पायरी तेवढी महाग नाही. एनसीसीच्या रिमाउंट आणि व्हेटरिनरी पथकात घोडेस्वारी शिकवतात. ही पथके पुष्कळदा पशुवैद्यक महाविद्यालयांना जोडलेली असतात. आपल्या शहरात असे पथक आहे का, याची चौकशी एनसीसीच्या कार्यालयात करता येते. प्रत्येक मुलाने ऑलिंपिकला जावे असे नाही. मोठ्या, ताकदवान जनावराला न मारता, शांतपणे आपले म्हणणे पटवून देता येते, हे ज्याला चौदाव्या वर्षी कळले, त्याला पुढे नोकरीत, संसारात आणि समाजकार्यातही ते उपयोगी पडते.

शेवटी त्या मुलीचे काय झाले ते सांगतो. शाळेच्या ब्लेझरमध्ये, उसन्या बुटांत ती उतरली. एका वळणावर अक्षर चुकली, घंटा वाजली, थांबली, पुन्हा निघाली आणि टेस्ट पुरी केली. नंबर आला नाही. कपड्यांविषयी कुणी अवाक्षर काढले नाही, कारण स्वच्छ, इस्त्रीच्या कपड्यांत ती इतरांसारखीच दिसत होती. टेस्टनंतर गुणपत्रिका घरी देतात. त्यावर परीक्षक शेरे लिहितात. पुढच्या सरावासाठी ती जपून ठेवावी आणि सर्वांत कमी गुण कुठे पडले ते पाहावे. त्या भगिनींनी तो कागद मला वाचायला आणून दिला. चुकांखाली शेरा होता, घोडी शांत आणि समाधानी दिसते, अशा अर्थाचा. मी तो मोठ्याने वाचला. तिचे वडील बाजूला उभे होते. म्हणाले, "दादा, तेवढं पुन्हा एकदा वाचा."

मी पुन्हा वाचले. आता पुढच्या स्पर्धेची तयारी चालू आहे. अंगणातली खडूची चौकट पावसाने पुसली गेली होती, ती पोरांनी पुन्हा आखली आहे.

जयभीम!